लॉगरची सेटिंग कागदावर लिहून द्या

संपादक महोदय,

गोव्यातल्या चोडण बेटावर आमच्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, मानशीजवळ (पाणी आत-बाहेर सोडण्याच्या दाराजवळ) पाण्याची पातळी आणि खारेपणा मोजणारे दोन सेन्सर आहेत. त्यांच्या नोंदी बांधावरच्या पेटीतला डेटा लॉगर साठवतो. गेल्या पावसात तो सव्वा महिना बंद होता. नेमक्या त्याच दिवसांत कुर्ल्यांनी (खेकड्यांनी) पोखरलेल्या बांधातून खारे पाणी आत आले. खारेपणा सोसणाऱ्या कोरगुट भाताची रोपेसुद्धा पिवळी पडली. पाणी कोणत्या भरतीला शिरले, किती खारे होते, याची एकही नोंद भरपाईच्या अर्जाला जोडता आली नाही.

यंत्रात बिघाड नव्हता. बॅटरी बदलायला आलेल्या मुलाने लॉगर कारखान्याच्या मूळ सेटिंगवर नेला. आमचे सेन्सर १९२०० बॉड या वेगाने, इव्हन पॅरिटीवर (पॅरिटी म्हणजे चूक पकडणारा जादा बिट) बोलायचे. लॉगर आता ९६०० बॉडवर, पॅरिटीशिवाय ऐकत होता. मग खारेपणाचा सेन्सर गेला असे सांगून कंत्राटदाराने नवा बसवला. त्याचा पत्ता १, पातळीच्या सेन्सरचाही १. मॉडबस या त्यांच्या बोलण्याच्या पद्धतीत लॉगर ज्या पत्त्याला हाक मारतो त्याच सेन्सरने उत्तर द्यायचे असते. दोघांचा पत्ता एकच असला की दोघे एकदम बोलतात आणि लॉगरला काहीच कळत नाही.

मी तीस वर्षे खाणीवर इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होतो. जुना लॅपटॉप आणि यूएसबी कन्व्हर्टर घेऊन तीन संध्याकाळी बांधावर बसलो, भाचा छत्री धरून उभा. एकेक सेन्सर सुटा करून वेग आणि पॅरिटी बदलत गेलो. दुसऱ्या संध्याकाळी पातळीच्या सेन्सरचे उत्तर आले. नवा सेन्सर मात्र गप्पच. सेन्सर लॉगरला जोडणाऱ्या आरएस-४८५ या जोडणीतल्या ए आणि बी या दोन तारांची नावे सगळे उत्पादक सारखी लावत नाहीत, हे आठवले. तारा उलटवल्या, त्याला २ हा पत्ता दिला, वेग आणि पॅरिटी जुळवली आणि आकडे सुरू झाले. जुना सेन्सरही घरी तपासला. तो धडधाकट आहे. त्याच्या जागी नव्याचे पैसे मोजले, याचा मला फार त्रास होतो.

माझी मागणी एवढीच आहे. सार्वजनिक पैशातून अशी यंत्रे बसवताना कामाच्या अटींतच लिहावे: बॉड रेट, डेटा बिट, पॅरिटी, स्टॉप बिट, प्रत्येक सेन्सरचा पत्ता आणि रजिस्टर क्रमांक (सेन्सरमध्ये आकडा कुठल्या खणात मिळतो तो), कोणत्या रंगाची तार कोणत्या स्क्रूला, लॉगरचा पासवर्ड, हे सगळे कागदावर मिळाल्याशिवाय शेवटचे बिल चुकते होणार नाही. तो कागद हाती असेल तर आयटीआयतून शिकलेली गावची मुले अर्ध्या तासात लॉगर चालू करतील. कंत्राटदार फोन उचलेपर्यंत भरती थांबत नाही.

आमच्या पेटीच्या झाकणाला आतून असा कागद मी लॅमिनेट करून चिकटवला आहे. यंदा मृगापासूनची दर पंधरा मिनिटांची नोंद आमच्याकडे आहे.

— एक निवृत्त इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, चोडण