दार लावून घेतल्याबद्दल

आदरणीय डॉक्टरसाहेब,

सप्रेम नमस्कार.

प्रोस्टेट या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतरच्या तिसऱ्या तपासणीचा अहवाल काल आला आणि पीएसए, म्हणजे या ग्रंथीत तयार होणारे रक्तातले प्रथिन, मोजता येणार नाही इतका कमी असल्याचे आपण फोनवर सांगितलेत, तेव्हा माझ्याने ‘बरं’ याखेरीज एक शब्द बोलवला नाही. म्हणून हे पत्र लिहितो आहे. ते उघड लिहिण्याचे कारण असे की, इंदुरात सकाळी फिरायला भेटणारे माझ्या वयाचे पुरुष रक्तदाब, साखर आणि गुडघे यांविषयी तासन्‌तास बोलतात, पण प्रोस्टेटचे नाव काढत नाहीत, आणि मीही त्यांच्यातलाच एक होतो.

आपल्या शस्त्रक्रियेचे कौतुक सगळेच करतात. मला मात्र पहिला दिवस आठवतो. बाहेर बाकांवर गर्दी होती आणि पुढचा रुग्ण सवयीने अर्धा आत येऊन उभा राहिला होता. आपण खुर्चीवरून उठलात, त्याला बाहेर थांबायला सांगितलेत, स्वतः दार लावून घेतलेत आणि कागदावरचे माझे आडनाव पाहून, तोवर हिंदीत चाललेले बोलणे मराठीत आणत म्हणालात, “काका, आता सावकाश सांगा. रात्री किती वेळा उठावं लागतं?” दोन वर्षांत हा प्रश्न मला एकांतात कोणी विचारला नव्हता. मी पाच वेळा म्हणालो आणि मग माझे डोळे भरून आले.

त्याआधी मी ज्या ठिकाणी जात होतो, तिथे टेबलाभोवती एका वेळी तीन रुग्ण उभे असत आणि त्यांच्यादेखत मोठ्या आवाजात विचारले जाई, “पेशाब में क्या तकलीफ़ है?” त्यावर कोणता भिडस्त माणूस खरे उत्तर देईल? मी “काही विशेष नाही” म्हणे, आणि वयाचा दोष म्हणून गोळ्या लिहून मिळत. त्यांतली एक फिनास्टेराइडची, म्हणजे वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी आटोक्यात ठेवणाऱ्या औषधाची, होती. वर्षभराने पीएसए केले ते ३.१ आले, ४ या नेहमीच्या मर्यादेच्या आत आहे, काळजी नको, असे सांगून मला परत पाठवले गेले.

आपण मात्र जुनी चिठ्ठी आणि अहवाल शेजारी ठेवलेत. हे औषध सहा महिन्यांहून अधिक घेतले की पीएसए साधारण निम्म्यावर येते, म्हणून हा आकडा दुप्पट धरून वाचायला हवा, हे आपण मला समजावलेत. जी गोष्ट औषध लिहून देणाऱ्यानेच लक्षात ठेवायला हवी होती, ती एका अनोळखी माणसाने लक्षात घ्यावी, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मग आपण घरात कोणाला हा आजार होता का, असे विचारलेत. माझे थोरले बंधू याच कर्करोगाने गेले. त्यांची कंबर दुखू लागली तेव्हा सगळे मणक्याचे दुखणे समजून शेकत राहिले, आणि निदान झाले तेव्हा रोग हाडांत पोहोचला होता. सख्ख्या भावाला किंवा वडिलांना हा रोग झाला असेल तर आपला धोका साधारण दुप्पट होतो, हे दादांच्या आजारपणात आम्हाला कोणीच सांगितले नाही.

आपण मला घाबरवलेही नाहीत. पीएसए वाढले म्हणजे कर्करोगच असे नाही. वयानुसार वाढलेल्या ग्रंथीने किंवा जंतुसंसर्गानेही ते वाढते, आणि सापडलेला प्रत्येक कर्करोग कापावा लागत नाही, काहींवर नुसती नियमित नजर ठेवणे पुरते, हे आपण तपासणीआधीच सांगितलेत. माझे रात्रीचे उठणे बहुधा साध्या वाढीमुळेच होते. कर्करोग बहुतेकदा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात, मूत्रमार्गापासून दूर सुरू होतो, त्यामुळे आरंभी तो काहीच त्रास देत नाही. त्रास होईल तेव्हा पाहू, असे म्हणणाऱ्या माझ्या मित्रांना मी हे आता भेटेल तिथे सांगतो. पन्नाशीनंतर, आणि घरात हा आजार असेल तर पंचेचाळिशीलाच, डॉक्टरांशी या तपासणीविषयी बोलून घ्या, एवढेच माझे म्हणणे असते.

माझा रोग ग्रंथीच्या आतच होता. दादांच्या आणि माझ्या दैवात जो फरक पडला, तो मला त्या लावलेल्या दारापाशी सापडतो. विद्या पुष्कळांजवळ असते. समोरच्याची लाज जपण्याची माणुसकी मी या दोन वर्षांत फार थोड्यांजवळ पाहिली. पहाटे चादर बदलताना माझ्याकडे पाठ करून उभ्या राहणाऱ्या आपल्या वॉर्डातल्या सिस्टरजवळ ती होती. त्यांनाही माझा नमस्कार सांगावा.

दादांचा मुलगा वडोदऱ्याला असतो. त्याला नुकतेच ४६ वे वर्ष लागले. परवा त्याला फोनवर सगळे सांगितले, तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “काका, तुम्ही बरोबर याल ना?” शनिवारी त्याला घेऊन आपल्याकडे येतो आहे. तो माझ्याहूनही भिडस्त आहे. या वेळी आपल्याला उठावे लागणार नाही. दार मी लावून घेईन आणि बाहेर बसेन.

आपला कृतज्ञ,
एक रुग्ण, इंदूर