रक्त घेणाऱ्या ताईंचे आभार

ऐरोलीजवळ खाडीत सापडलेला मृतदेह माझ्या धाकट्या भावाचाच आहे का, हे चेहऱ्यावरून ओळखता येत नव्हतं. डीएनए तपासणीसाठी आईचं रक्त मागितलं. माझं घ्या, तिला कशाला त्रास, असं मी म्हणत होतो. ठाण्यातल्या रुग्णालयातल्या ताईंनी न चिडता समजावलं: मुलात निम्मा डीएनए आईकडूनच आलेला असतो, भावाभावांत किती जुळेल, याचा नेम नसतो.

आईची शीर सापडेना. ताईंनी तिचा गार पडलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरून चोळला. "मावशी, तुम्हाला काही बघायला लागणार नाही, रक्तावरूनच कळेल." आईला धास्ती नेमकी त्याचीच होती. आम्हा घरच्यांना हे सुचलंच नव्हतं!

नमुने जुळले, अंत्यसंस्कार करता आले. ही बातमी फोनवर न देता कळव्याला घरी येऊन सांगणाऱ्या हवालदारसाहेबांचेही मनापासून आभार.