खिडकी बंद पडली तेव्हा दार दाखवणाऱ्या काकांना

ती. काका,
सा. न.

परवाच्या घाईत तुमचा चहाही गार झाला आणि आभार राहिलेच. तोंडावर मानले तर "हॅट!" म्हणून उडवून लावाल, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

वीस तारीख, जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र, भरायचा शेवटचा दिवस, गिरगावात धो धो पाऊस आणि माझा विंडोज १० चा जुना डबा. आमच्या केबलवाल्याचं इंटरनेट अजून पीपीपीओईवर, म्हणजे दर वेळी नाव-पासवर्ड टाकून जोडायचं. नेमकं त्या दिवशी 'कनेक्ट' कितीही दाबलं तरी ढिम्म. केबलवाला म्हणाला, नवा राउटर घ्या. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "खिडकी अडली तर अडली, दार आहे ना!" आणि मला सीएमडीचा, म्हणजे कमांड टाइप करायचा, काळा पडदा उघडायला लावलात.

'रासडायल' (rasdial) ही नेट जोडायची कमांड लिहिली, पुढे जोडणीचं नाव, एंटर. एरर ६२३. माझे हातपाय गळाले. तुम्ही मात्र खूश. "नंबर दिला ना? म्हणजे बोलतोय तो." फोनबुकात, म्हणजे विंडोजच्या जोडण्यांच्या यादीत, नोंद सापडत नाही, असं त्याचं म्हणणं. 'ब्रॉडबँड कनेक्शन' या नावात मधे जागा आहे. अवतरणचिन्हं नसली की तो 'ब्रॉडबँड' एवढंच नाव धरतो आणि 'कनेक्शन'ला युजरनेम समजतो! अवतरणं घालून पुढे नाव-पासवर्ड दिला तर ६९१, म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकला. ते कॅप्स लॉकमुळे, म्हणजे माझंच कर्तृत्व. तिसऱ्यांदा जुळलं.

फोन नाही, नंबर नाही, मग 'फोनबुक' कसलं, असं विचारलं आणि तुम्ही रमलात. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने इंटरनेट लोकांना खुलं केलं ते दिवस, मोडेमची किंचाळी, नेट चालू असेतो एंगेज लागणारा घरचा फोन. ही कमांड त्याच डायल-अपच्या घराण्यातली. नंबर गेले, फोनबुक राहिलं.

रोजच्या सोयीसाठी ही कमांड एका क्लिकवर चालवणारी बॅट फाइल केली, तेव्हा मी पासवर्डही तिच्यात लिहायला निघाले होते. तुम्ही थांबवलंत. "कुणीही उघडून वाचेल, पासवर्डच्या जागी चांदणी (*) टाक." आता दर वेळी तो पासवर्ड विचारतो, मी देते.

तासाभरात तुम्ही कीबोर्डला बोटही लावलं नाहीत. भाच्याने दोन मिनिटांत जोडून दिलं असतं, आणि पुढच्या वेळी मी पुन्हा त्याच्याच फोनची वाट पाहत बसले असते.

रविवारी या. चहा गरम असतानाच प्या.

तुमची,
पहिल्या मजल्यावरची

ता. क. काल ६५१ आला, म्हणजे मोडेम किंवा जोडणारं उपकरण बिघाड सांगतंय. केबलवाल्याला नंबरच सांगितला. राउटरचं नाव न काढता तो गच्चीवर वायर बघायला गेला.