तुझी पहाट आता आमच्या घरात

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्राचं उत्तर चार महिने खणात अर्धवट पडून होतं. ते फाडलं आणि हे नव्याने लिहायला घेतलं, कारण गेल्या महिन्यात जे झालं ते सांगावं असा माणूस मला तुझ्याशिवाय दुसरा नाही. आई बरी आहे, गुडघा तसाच. माझी शुगर ताब्यात आहे.

मागच्या पत्रात ‘छोटीचा खोकला रेंगाळलाय’ असं लिहिलं होतं. खरं तर डॉक्टरांनी तेव्हाच दमा म्हणून सांगितलं होतं. मला तो शब्द तुला लिहवेना. का, ते तुला कळेलच.

त्या दिवशी दुपारी ३३ अंश होतं. पोर घामाघूम होऊन अंगणात खेळत होती. पहाटे पारा १४ वर. चारच्या सुमारास मला जाग आली ती आवाजाने. दाराच्या फटीतून वारा शिरावा तशी बारीक शीळ. बघतो तर ती पलंगावर उठून बसलेली. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, खांदे कानांपाशी, आणि गळ्याखालची खळी प्रत्येक श्वासाला आत ओढली जातेय. ‘बाबा’ एवढा शब्दसुद्धा तिला एका दमात म्हणता येईना.

शिबिरात तंबूच्या कोपऱ्यात तू असाच बसायचास. आणि मी पांघरुणातून ओरडलो होतो, “नाटकं पुरे, धावायला चल!” लंबूने तुझी बाजू घेतली तर त्याच्याशीही भांडलो. तू दोन दिवस अबोला धरलास, आणि मी तो किस्सा इतकी वर्षं तुझं रुसणं म्हणून रंगवून सांगत आलो. माफ कर रे. दवाखान्यात नेब्युलायझर (औषधाची वाफ देणारं यंत्र) लावल्यावर अर्ध्या तासाने तिचे खांदे खाली आले, तोवर डोळ्यांपुढे तूच होतास.

मी तिला फक्त थंडीपासून जपत होतो. पण सलग कडाका होता त्या आठवड्यात ती बरी झोपली होती, आणि नेमकी उबदार दुपारनंतर बिघडली. तेव्हापासून वही ठेवलीय. एका रकान्यात दिवसाचं कमाल आणि पहाटेचं किमान तापमान, दुसऱ्यात पीक फ्लो मीटरचा, म्हणजे फुंकरीचा जोर मोजणाऱ्या नळीचा आकडा. सकाळ-संध्याकाळ तीनदा जोरात फुंकायचं आणि सर्वांत मोठा आकडा लिहायचा. तिचा चांगल्या दिवसाचा आकडा २२०. दुपार आणि पहाट यांत १७-१८ अंशांचं अंतर पडलं की सकाळी १६० वर येतो. चांगल्या आकड्याच्या ८० टक्क्यांच्या खाली गेलं की पिवळी, सावध व्हायची पट्टी, ५० च्या खाली लाल, धोक्याची. एका मुलीच्या वहीवरून नियम ठरत नाही, पण डॉक्टर म्हणाले की तापमानाच्या अशा चढउताराचा त्रास लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना जास्त होतो, हे बऱ्याच देशांत दिसून आलंय.

आपण ओढलेली हवा फुप्फुसात खोलवर पोहोचेपर्यंत ३७ अंशांपर्यंत तापवायची आणि बाष्पाने पुरती ओली करायची, हे नाकाचं आणि श्वासमार्गाचं काम. रात्री हिचं नाक चोंदतं, तोंड उघडं पडतं आणि गार, कोरडी हवा थेट आत जाते. ती नळ्यांच्या अस्तरातलं पाणी शोषते. आधीच सुजलेलं अस्तर चिडतं, हिस्टामिन नावाचं रसायन सुटतं आणि नळीभोवतीचे स्नायू आवळतात. गारव्याने कफ वर ढकलणारे बारीक केसही मंदावतात. त्यात वेळ पहाटेची. शरीर स्वतःचं स्टेरॉइड मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी बनवतं, आणि चारच्या आसपास श्वासनळ्या एरवीही सर्वांत अरुंद असतात.

आणि एक गोष्ट, जी तुझ्याकडे फार उशिरा कबूल करतोय. दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक पडतो तो निरभ्र, कोरड्या, वारा पडलेल्या रात्री. ढगांचं पांघरूण नसलं की जमिनीची ऊब निसटून जाते. मग गार हवा जमिनीलगत बसते, वर उबदार हवेचं झाकण, आणि सगळा धूर त्याखाली अडकतो. म्हणजे मी तुला ज्या पहाटे धावायला ओढत होतो, ती तुझ्या छातीसाठी दिवसातली सर्वांत वाईट वेळ होती.

तू मफलर नाकावरून गुंडाळायचास म्हणून तुला ‘कोशातली अळी’ म्हणायचो ना? आता छोटी तसाच गुंडाळते. आपल्याच उच्छ्वासाने तो ओलसर, उबदार राहतो आणि आत जाणारी हवा सौम्य होते. ती स्वतःला डाकू म्हणवते. परवा आजीचा चष्मा लुटून नेला.

पण माझी झोप उडालीय ती हवेमुळे नाही. डॉक्टरांनी रोजचा पंप दिला होता, आणि तो मी बंद केला होता. ढगाळ दिवसांत दिवस-रात्रीत जेमतेम पाच-सहा अंशांचा फरक, पोर ठणठणीत, आणि वर ‘स्टेरॉइड’ हा शब्द. मला वाटलं, कशाला उगाच. त्या पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो. सूज रोज थोडी थोडी दाबून ठेवली तरच असा फरक तिला झेपतो. हे मला सांगितलेलं होतं, मीच ऐकलं नाही. बायकोने एका शब्दाने बोल लावला नाही. आता पंपाला स्पेसर (औषध नीट आत जावं म्हणून लावायची पोकळ नळी) लावून रोज दोन वेळा पंप, दहा आकडे मोजेपर्यंत श्वास धरायचा, मग चूळ.

तुझ्या बदलीचं कळलं, अभिनंदन. घर मिळालं का? तात्यांच्या डोळ्याचं काय झालं ते कळव.

एक विचारायचंय. दम लागला की मी तिच्या पाठीवरून हात फिरवायला जातो, तर ती हात झटकते. बोललो तरी नको असतं, उठून गेलो तरी डोळे माझ्या मागे येतात. त्या तंबूत तू तसा बसायचास तेव्हा शेजारच्या माणसाने काय करावं असं तुला वाटायचं? तेवढं लवकर लिही.

तुझा मित्र