फडताळ राखून नवे स्वयंपाकघर उभे करणाऱ्या ताईंना आभाराचे पत्र

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

मंगळवार पेठेतील आमच्या जुन्या घराचे स्वयंपाकघर आपण नव्याने करून दिले, त्याला आता उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही लागून गेले. नवे काम सुरुवातीला देखणे दिसतेच. त्यामुळे पुरते वापरून झाल्यावरच लिहायचे, असे मी ठरवले होते. पत्र जाहीरपणे लिहिण्याचे कारण असे, की जाड भिंतींचे घर असलेल्यांना फडताळे, म्हणजे भिंतीतली कपाटे, बुजवून सगळे मॉड्युलर करून घेण्याचाच सल्ला बहुधा मिळतो आणि आम्हालाही आधी तोच मिळाला होता.

आपण पहिल्या भेटीत नमुन्यांची पुस्तके उघडलीच नाहीत. वाटण कुठे बसून करता, वर्षाच्या चटणीच्या मिरच्या कुठे भाजता, मोठी पातेली कोण उचलते, हे आपण सासूबाईंना विचारले आणि मग त्यांच्या व माझ्या कोपराची जमिनीपासूनची उंची टेपने मोजली. ओटा कोपराच्या चार ते सहा इंच खाली असला म्हणजे खांदे उचलून काम करावे लागत नाही, हे समजावून सांगून आपण ३३ इंचांची उंची ठरवली.

सर्वाधिक ऋण मानते ते पाट्यासाठी. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचे तीळ, खसखस आणि खोबऱ्याचे वाटण सासूबाईंना पाट्यावरचेच हवे असते, पण गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसवत नाही. पाटा शोभेसाठी अंगणात मांडा, असे सुचवणारे पुष्कळ भेटले. आपण मात्र खिडकीखाली बुटका दगडी कट्टा बांधला, तोही स्टुलावर बसून वरवंटा दोन्ही हातांनी रेटता येईल इतक्याच उंचीचा. पाट्याचे वजन पेलण्यासाठी खाली कडप्प्याचे उभे आधार दिले आणि धुतलेले पाणी थेट मोरीत जावे म्हणून कट्ट्याला बारीक उतार ठेवला. पाट्याला टाकी लावून, म्हणजे छिन्नीने तो पुन्हा खडबडीत करून, घ्यायची आठवणही आपणच केली. आज घरात मिक्सर आहे आणि पाटाही रोजच्या वापरात आहे.

फडताळाची सागवानी दारे खरवडून, तेलपाणी करून आपण पुन्हा बसवली. जाड भिंतीतली ती जागा अंधारी आणि थंड असल्याने चटणीच्या बरण्या तिथेच ठेवायला आपण सांगितले. उजेडाने तिखटाचा रंग उतरतो, हे आपले म्हणणे पटले. यंदाची चटणी अजून लालभडक आहे.

जुने ते सगळेच ठेवायचे, असाही आपला हट्ट नव्हता, हे मला विशेष मोलाचे वाटते. जमिनीवरची शहाबादी फरशी आपण राखली, परंतु ओट्यावर ग्रॅनाइटच घ्यायला लावला, कारण शहाबादी आणि कडप्पा हे दोन्ही चुनखडीचे दगड असल्याने लिंबू-चिंचेच्या आंबटाने त्यांवर डाग उठतात. ओट्याखाली प्लायवूडच्या पेट्या न करता कडप्प्याचे खण उभारले आणि त्यांत स्टीलच्या ट्रॉल्या बसवल्या. कोल्हापूरच्या पावसाळ्यातील दमटपणातही एकही ट्रॉली अडली नाही. शेगडीच्या वर सुमारे अडीच फुटांवर चिमणी आहे, शिवाय मिरच्या भाजण्याच्या कोपऱ्यात वेगळा पंखा. चटणीच्या दिवशी शेजारीपाजारी ठसका लागत असे, तो यंदा बराच कमी झाला.

आपल्यासोबत काम केलेल्या सुतार आणि गवंडी मिस्त्रींनाही माझे आभार कळवावेत. जुन्या चौकटीचा तिरपेपणा सांभाळून त्यांनी फडताळाची दारे ज्या सफाईने पुन्हा बसवली, तसे काम घाईच्या माणसाकडून होत नाही. गल्लीतील आणखी दोन घरांना त्यांची फडताळे राखूनच काम करायचे आहे. आपली अनुमती असेल, तर आपण काढून दिलेला आराखडा मी त्यांना दाखवीन.

आपली कृतज्ञ,
मंगळवार पेठ, कोल्हापूर येथील एक गृहिणी