गोळी घ्यायची ती उठून बसूनच

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

आई, हाडांची ती आठवड्याची गोळी तू पहाटे अंथरुणातच घोटभर पाण्याने घेतेस आणि पुन्हा पडतेस, तेवढं आधी बंद कर.

अन्ननलिका जेमतेम 25 सेंटिमीटरची. छातीत महाधमनीची (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीची) कमान तिला टेकते, तिथे ती जरा चिंचोळी होते आणि कोरडी गोळी बहुतेक वेळा तिथेच चिकटते. आडवं पडल्यावर गोळी आपल्या वजनाने खाली सरकत नाही. झोपेत लाळ कमी सुटते, गिळणंही जवळजवळ थांबतं. मग गोळी जागच्या जागी विरघळते आणि अस्तराला व्रण पडतो. छातीच्या मधोमध दुखतं, पाण्याचा घोटसुद्धा टोचत खाली जातो. तुझ्या या हाडांच्या गोळीमुळे, म्हणजे अलेंड्रोनेटमुळे, असे व्रण होतात हे 1996 सालीच वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं होतं. लोहाच्या गोळ्या, पोटॅशियम, डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक आणि दुखण्यावरच्या गोळ्यांनीही हेच होतं.

म्हणून 70 मिलिग्रॅमची ती गोळी सकाळी उपाशीपोटी, ताठ बसून घे. फुलपात्रभर, म्हणजे 200 मिली तरी साधं पाणी पी. गोळी चावायची नाही, चघळायची नाही. पुढे अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहाही नाही. उपाशीपोटीसुद्धा तिचा 1 टक्क्याहून कमी भाग अंगी लागतो. कॉफीबरोबर घेतली तर त्यातलाही निम्म्याहून अधिक वाया जातो. कॅल्शियमची गोळी जेवणानंतर. अर्धा तास बसवत नसेल त्या दिवशी गोळी घेऊच नकोस, डॉक्टरांना विचार.

बाबा, कॅप्सूल हलकी असते, पाण्यावर तरंगते. ती गिळताना मान मागे टाकू नका, हनुवटी किंचित छातीकडे झुकवा. इसबगोल भांडंभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं, घट्ट होऊ द्यायचं नाही. कमी पाण्यात घेतलं तर ते घशाखालीच फुगून बसतं. झोपायच्या तोंडावर तर नकोच.

छातीत दुखलं तर ते गोळीनेच दुखतंय असं घरी ठरवू नका, आधी ईसीजी काढा. थुंकीही गिळवत नसेल, रक्ताची उलटी झाली, किंवा दुखण्याबरोबर ताप आला तर थेट हॉस्पिटल गाठा. लोहाच्या गोळीने शौच काळं होतं, त्याला घाबरू नका. पण डांबरासारखं चिकट आणि उग्र वासाचं असेल तर ते रक्त असू शकतं. नुसता व्रण असेल तर ती गोळी थांबवल्यावर बहुतेकदा काही दिवसांत, फार तर दोनेक आठवड्यांत भरून येतो.

आणि बाबा, स्ट्रिपमधली एकेक गोळी कात्रीने कापून डबीत ठेवायची तुमची सवय मला खरंच धास्तावते. चष्मा नसताना अंधारात ती वेष्टनासकट गिळली जाते. कापलेल्या चौकोनाचे कोपरे पात्यासारखे असतात, अन्ननलिकेला किंवा लहान आतड्याला भोक पाडू शकतात. साध्या एक्स-रेत ते वेष्टन बहुधा दिसतही नाही. मेडिकलवाल्याने सुट्या गोळ्या कापून दिल्या, तर घरी आल्याबरोबर प्रत्येक चौकोनाचे चारही कोपरे गोल कापा, आणि गोळी वेष्टनातून काढून तळहातावर पाहूनच तोंडात टाका. डबीत आत्ता असतील त्यांचे कोपरे आजच कापा.

तुमची,
धाकटी