चिमी तुझ्यासारखी पळते

कोल्हापूर,
रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद घेतला. आमच्याकडं सगळं ठीक. आईचे गुडघे थंडीत दुखतात, माझी शुगर काठावर आहे, बाकी बरं. आता मूळ विषय.

आमची चिमी तुझ्यासारखी पळते.

हे मी कौतुकानं म्हणत नाही, जसं दिसलं तसं सांगतोय. डावा कोपर बाहेर फेकलेला, मान जराशी उजवीकडं, आणि दम लागला की ओठ गच्च मिटलेले. सरांनी तुझा तो कोपर दोरीनं बांधून तुला पळवलं होतं, तरी गेला नाही बघ. तिनं तुला पळताना कधी पाहिलेलं नाही. ती जन्मली त्याच्या कितीतरी आधी तुझे स्पाइक माळ्यावर गेले होते.

आज आपल्या गावातली शर्यत होती, दहा किलोमीटरची. एकवीसवाले आधी सोडले, मग आम्ही. पहाटे पोलीस ग्राउंडवर पोचलो तर बावड्याच्या बाजूनं कारखान्याच्या मळीचा वास आणि थंडी अशी की लोक नुसते उड्या मारत होते. एका बाजूला हलगी कडाडत होती. बाळ्या, हलगी सुरू झाली की या गावाला काय होतं ते तुला माहीत आहे. पोट सुटलेले सावकारसुद्धा जागच्या जागी पाय आपटायला लागले. चिमी माझ्यासोबत मागंच उभी राहिली. म्हटलं, पुढं जा, तुझं वय पुढं उभं राहायचं. म्हणाली, "पप्पा, आपण एकत्र निघायचं." बंदूक झाली तरी गर्दीतून सरकत सुरुवातीच्या पट्टीपर्यंत यायलाच वेळ गेला, आणि पट्टी ओलांडल्यावर धैर्यप्रसाद चौकापर्यंतच ती मला दिसेनाशी झाली.

मी माझ्या चालीनं. कावळा नाका गेला, टाकाळा आला. तिथं एक म्हातारी दारात रांगोळी काढत होती. आमची झुंड बघून तिनं शेजारणीला विचारलं, "ह्यास्नी कोण मागं लागलंय का?" शेजारीण म्हणाली, "न्हाई वो, पैसं भरून पळत्यात." म्हातारी उठून उभीच राहिली. "मग आमच्या उसाच्या फडात या की रं! तिथं फुकट पळवते!" सगळी झुंड हसत पुढं गेली. तू असतास तर थांबून तिच्याशी बोलत बसला असतास आणि शर्यत गेली असती खड्ड्यात.

माउलीच्या पुतळ्याचा चढ चढत होतो. चार किलोमीटरचा फलक नुकताच गेला होता. सायबर कॉलेजकडून वळून परत येणारे दुभाजकाच्या पलीकडून उतरत होते. आधी पोरं आली, पोलीस भरतीची तयारी करणारी, काटक, घामानं चमकणारी. त्यांच्या मागं मोकळ्या रस्त्यावर एक मुलगी एकटीच उतरत होती. मला आधी दिसला तो कोपर. शपथेवर सांगतो, चेहरा ओळखायच्या आधी माझ्या तोंडून "बाळ्या" असं निघालं. शेजारचा पळणारा माझ्याकडं बघायला लागला. मग चेहरा दिसला. तिनं मला पाहिलं नाही. रस्त्यावर नजर, ओठ मिटलेले, आणि पाय असे पडत होते की आवाजच नाही. उतारावर सगळ्यांचे बूट थाड थाड वाजतात, तिचे वाजत नव्हते. माझे डोळे भरून आले आणि उरलेला चढ कसा चढलो ते मला आठवत नाही.

शेहेचाळीस मिनिटं पन्नास सेकंद. कुणी शिकवलेलं नाही, शाळेच्या मैदानावर मुलांबरोबर पळते तेवढंच. अठरा वर्षांखालच्या मुलींत चौथी आली. आता तू चिडणार, म्हणून आधीच सांगतो. बिबवर, म्हणजे छातीवरच्या नंबरावर, चिप असते, ती पट्टीपासून पट्टीपर्यंतचा वेळ मोजते. त्या वेळेनं ती तिसरी होती. पण नंबर लावतात बंदुकीपासूनच्या वेळेवर. रस्त्यावरच्या बऱ्याच शर्यतींत असंच असतं आणि ते बरोबरच आहे, शेवटच्या पट्टीवर जो आधी पोचला तो आधी. बक्षीस तिघींनाच होतं. चिमीला त्याचं काहीही नाही. केळं खात म्हणाली, "पुढच्या वेळी पुढं उभी राहीन."

आपल्या रिलेत बॅटन पडल्यावर तू हे असं म्हणाला असतास तर आपण दोन वर्षं अबोला धरला नसता. आणि ते शिवाजी स्टेडियमवर बॅटन पडलं ते तुझ्या हातातून, हे मी मरेपर्यंत म्हणणार. माझ्या बोटांनी ते सोडलं तेव्हा तुझी मूठ मिटलेली होती.

तर काळजी अशी. शर्यत संपल्यावर एक सर भेटायला आले. पोरांना पहाटे शिकवतात, नाव तू ऐकलं असशील. बोलले सरळ. एवढ्यात दहाच्या, एकवीसच्या मागं लावू नका, या वयात पंधराशे आणि तीन हजार मीटर, पाया पक्का करायचा, रस्त्यावरची शर्यत वर्षातून एखादी गंमत म्हणून. आणि अकरावी झाली की नाशिकला पाठवा. तिथं लांब पल्ल्याची पोरं घडतात, कविता राऊत त्याच जिल्ह्यातली, सावरपाड्याची. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुलात दहा हजार मीटरचं ब्राँझ आणलं तिनं. महिनाअखेर सांगा म्हणाले.

घरात तेव्हापासून दोन पक्ष. तुझी वहिनी म्हणते बारावीचं वर्ष आहे, नंतर बघू. ती नोकरी करते, तिला पोरीच्या पायावर उभं राहण्याची किंमत माझ्यापेक्षा जास्त कळते, म्हणून मी तिच्याशी भांडत नाही. तिला सांगितलं की सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, साताऱ्याची ललिता बाबर पळता पळता उपजिल्हाधिकारी झाली. ती म्हणाली, "ललिता बाबर एक झाली. बाकीच्या पळणाऱ्या कुठं आहेत ते सांग." याला माझ्याकडं उत्तर नाही.

आईचं वेगळंच. पोरीच्या जातीनं इतकं पळू नये, पोटाला बाधतं. मी म्हटलं, आई, जगातल्या मोठमोठ्या लोकांनाही असंच वाटायचं. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये बायकांची आठशे मीटर शर्यत झाली, आणि त्यांना ते झेपत नाही असं ठरवून ती काढून टाकली ती १९६० पर्यंत. मॅरेथॉन तर १९८४ साली मिळाली. तोवर तू दोन कळश्या डोक्यावर आणि एक कडेवर घेऊन विहिरीचा चढ चढत होतीस, ते कुणी मोजलं? आई गप्प बसली. मग म्हणाली, "तिला अळिवाचे लाडू करते." म्हणजे निम्मी आपल्या बाजूला आली.

लाडवाचं एक कारण आहे. डॉक्टरांनी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन साडेदहा. निदान बारा पाहिजे. वाढत्या वयात, त्यात पाळी, त्यात पळणं, लोह उरतच नाही म्हणाले. गोळ्या लिंबूपाण्याबरोबर, आणि गोळीच्या आगेमागे चहा बंद. चहाशिवाय ती कशी चिडचिडते ते तुला बघायला पाहिजे. पण मला वाटतं ते हे की साडेदहावर ती अशी पळते, तर भरल्या रक्तावर कशी पळेल?

आणि याच गावाचा मला रागही येतो. पोरगं कुस्तीला घातलं की तालीम आहे, वस्ताद आहे, खुराकाला मदत करणारे आहेत, बघायला अख्खं गाव जमतं. शाहू महाराजांनी खासबागचं कुस्तीचं मैदान उभं केलं ते १९१२ साली. शंभरावर वर्षांची ती सवय आहे, म्हणून इथं पैलवानाच्या बापाला कुणी वेड्यात काढत नाही. पळणाऱ्या पोरीच्या बापाला मात्र जो भेटतो तो विचारतो, "पळून काय मिळतंय?"

तुला हाच प्रश्न तुझ्या अण्णांनी विचारला होता. दुकानात, चपलांच्या ढिगामागं बसून. मी तिथंच होतो. तू काही बोलला नाहीस, गिऱ्हाइकाला आठ नंबरचा जोड काढून दिलास. त्या रात्री संध्यामठाच्या कट्ट्यावर तू जे म्हणालास ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. "कुणी हरवून थांबवलं असतं तर झोप तरी आली असती." अण्णा वाईट नव्हते. तीन बहिणी होत्या, कर्ज होतं, आणि तू दुकान उभं केलंस, नंतर मस्कतलाही गेलास, सगळं नीट झालं. पण २०१६ च्या पंधरा ऑगस्टला तू सुट्टीवर आमच्याकडं होतास. संध्याकाळी टीव्हीवर ललिताची स्टीपलचेसची, त्या अडथळ्यांच्या शर्यतीची, ऑलिंपिक फायनल लागली. आम्ही सगळे ओरडत होतो, आणि तू उठून गॅलरीत गेलास. ती दहावी आली तेव्हा तुला सांगायला मी बाहेर आलो. तू म्हणालास, आत गरम होतंय. ऑगस्टच्या पावसात.

मला भीती नाशिकची नाही. नडगी दुखेल, टाच दुखेल, हरेल, रडेल, परत येईल. ते चालेल. मला त्या गॅलरीची भीती वाटते. आणि दुसऱ्या बाजूनं हेही वाटतं, की तुझं न झालेलं मी माझ्या पोरीकडून करून घेतोय का? माउलीच्या चढावर मला चिमी दिसली की तू दिसलास? हे तुझ्या वहिनीला विचारता येत नाही. तुलाच विचारतोय.

आज जेवताना मी तिला म्हटलं, तू बाळूकाकासारखी पळतेस. तिला वाटलं चेष्टा करतोय. मग तुझा तो विभागीय स्पर्धेचा फोटो दाखवला, कोपरवाला. बराच वेळ बघत बसली आणि विचारलं, "मग काका थांबले का?" मी सांगितलं, काकांनाच विचार. तर ती विचारणार आहे. तिला गोड गोड काही सांगू नकोस. अण्णांचंही सांग, कर्जाचंही, आणि थांबल्यावर काय होतं तेही सांग. मग ठरवू दे तिला. वहिनीपण शेजारी बसून ऐकणार आहे, तसं मी तिच्याकडून कबूल करून घेतलंय.

तुझ्या नव्या घराचे फोटो मिळाले, छान आहे, स्वयंपाकघर अंधारं वाटतं तेवढं बघ. थोरल्याच्या ॲडमिशनचं काय झालं? घरच्या वहिनींचा खांदा सुटला का? दुकानाच्या भाडेकरूनं पैसे दिले, पावती बँकेत ठेवली आहे. येताना चिमीला बूट आण, सहा नंबर, पळायचे. पुढं निमुळते नकोत, तिचा पंजा रुंद आहे.

बुधवारी फोन कर, रात्री नऊनंतर. तोवर ती क्लासहून येते. सरांना मी अजून हो किंवा नाही काहीच कळवलेलं नाही.

तुझा,
दिल्या